दोन मुलांच्या झोपेची घडी एका खोलीत बसवताना

धाकट्याला आमच्या खोलीतून हलवून थोरलीच्या खोलीत झोपवायचे, एवढेच हे काम होते. त्यासाठी आम्ही दोन आठवडे धरले होते. प्रत्यक्षात अकरा लागले. या नोंदी एका वहीत रोजच्या रोज टिपलेल्या आकड्यांवरून लिहिल्या आहेत. हेच काम हाती घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून चुका झाकलेल्या नाहीत, आणि ज्या दिवशी सांगण्यासारखे काही घडले नाही ते दिवस गाळले आहेत.

५ जानेवारी

थोरली ३ वर्षे ८ महिन्यांची असून आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर एकटी झोपते. धाकटा साडेअकरा महिन्यांचा आहे आणि जन्मापासून आमच्या खोलीत, आमच्या पलंगाशेजारच्या कठड्याच्या कॉटमध्ये झोपतो. बाळ निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तो टप्पा कधीच उलटला आहे. तरीही त्याचे वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्याचे कारण तो नसून थोरली आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या कॉटमध्ये उशी, पांघरूण किंवा मऊ खेळणी यांपैकी काहीही नसावे, नुसती घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर असावी, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. पण भावाला थंडी वाजत असेल या कळवळ्याने तिने मध्यरात्री आपली उशी त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली, तर तो नियम पाळणार कोण?

आठवडाभर झोपेचे तास मोजले. थोरली रात्री सुमारे ११ तास झोपते आणि दुपारी झोपत नाही. धाकटा रात्री साडेदहा तास झोपतो आणि दिवसाच्या दोन डुलक्या मिळून आणखी अडीच तास. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, हे मान्य माप धरले तर दोघांचेही बरे चालले आहे. झोप कमी पडते आहे ती आम्हा दोघांना.

१० जानेवारी

खोलीची तयारी. आधी मी गुडघ्यांवर बसून सगळ्या खोलीत रांगले, कारण उभ्याने पाहिलेली खोली आणि रांगत्या मुलाला दिसणारी खोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पलंगाखाली एक बटण, दोन मणी आणि कधीचा हरवलेला पेन्सिलीचा तुकडा सापडला. बारीक वस्तू ओळखण्यासाठी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी वापरली: जी वस्तू नळीतून आरपार जाते ती त्याच्या घशात अडकू शकते, म्हणून ती खोलीतून बाहेर. या कसोटीवर थोरलीची जवळजवळ निम्मी मालमत्ता नापास झाली आणि तिने दिवसभर आमच्याशी अबोला धरला. तिच्या रागाकडे तेव्हा आम्ही लक्ष दिले नाही. त्याची किंमत मार्चमध्ये मोजली.

कपाट भिंतीला जखडताना मी घाई केली. स्क्रू गिलाव्यातच बसला होता. खात्री करण्यासाठी कपाट जोराने ओढून पाहिले तेव्हा पट्टीसकट तो हातात आला. प्लग घालून, गिलाव्याच्या पलीकडे विटेपर्यंत भोक पाडून पुन्हा बसवले. ओढून पाहिले नसते तर हा दोष कपाट कोसळेपर्यंत कळला नसता.

२३ जानेवारी

वाढदिवस होऊन तीन दिवस झाले. आज कॉट हलवायची होती आणि ती दारातून जाईना. जोडलेल्या कॉटची रुंदी आणि दाराची रुंदी यांत चार बोटांचा फरक निघाला. सगळी खोलून, पलीकडे नेऊन पुन्हा जोडली, तर एक बोल्ट हातात उरला. उरलेला बोल्ट डब्यात टाकून मोकळे होण्याचा मोह दोघांनाही झाला, पण कठड्याला हिसका दिल्यावर तो हलतो आहे असे दिसले, म्हणून पुन्हा खोलली. अडीच तास गेले. धाकटा आता आधाराने उभा राहतो, त्यामुळे गादी सर्वांत खालच्या पातळीवर घेतली आहे. हे काम खरे तर तो उभा राहू लागला त्याच दिवशी व्हायला हवे होते.

२४ जानेवारी, पहिली रात्र

दोघांना बरोबर ८ वाजता निजवले, एक गोष्ट सांगितली, एक अंगाई म्हटली आणि दिवा मालवून बाहेर आलो. दोघांची वेळ एकच ठेवली की आपले काम निम्मे होईल, असा आमचा हिशेब होता. पाच मिनिटांत आतून हसण्याचा आवाज येऊ लागला. थोरली भावाला गाणे म्हणून दाखवत होती आणि तो कठडा धरून उभ्यानेच नाचत होता. मग तिने आपली बाहुली त्याच्या कॉटमध्ये टाकली, त्याने ती बाहेर फेकली, आणि हा खेळ दोघांनाही इतका आवडला की आम्ही चार वेळा आत जाऊनही थांबला नाही. ९ वाजून ४० मिनिटांनी दोघांनी एकदमच भोकाड पसरले. दहाच्या सुमारास थोरली माझ्या आणि धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर झोपला.

२८ जानेवारी

वेळा तोडल्या. धाकटा सव्वासातला आणि थोरली ८ वाजता. मधल्या पाऊण तासात थोरलीची गोष्ट, दात घासणे आणि कपडे बदलणे हे सगळे बाहेरच्या खोलीत उरकायचे आणि तिने फक्त झोपण्यासाठी, चवड्यांवर चालत, आत जायचे. चवड्यांवर चालणे हा भाग तिला फार आवडला असून ती आता दिवसाही तशीच चालते. संध्याकाळचा प्रश्न यामुळे तीन दिवसांत मिटला. रात्रीचा प्रश्न मात्र तसाच आहे: धाकटा तीनदा तरी उठतो आणि त्यातल्या एकदोन वेळा थोरलीही उठून बसते. त्याच्या पहिल्या हुंकारालाच आत धाव घेता यावी म्हणून आम्ही आळीपाळीने दाराबाहेरच्या खुर्चीवर बसतो आहोत.

३ फेब्रुवारी

सगळ्या वहीतली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

काल रात्री पाळी माझी होती आणि धाकटा रडू लागला तेव्हा मी नेमकी न्हाणीघरात होते. बाहेर यायला चार मिनिटे लागली. दाराशी पोहोचले तोवर त्याचे रडणे कुरकुरीवर आले होते. मी कडीला हात लावणार तेवढ्यात तो गप्प झाला. थोरलीने फक्त कूस बदलली होती.

सकाळी वही काढून बसलो. त्याच्या प्रत्येक जागण्यापुढे थोरली उठली की नाही आणि आत कोण, किती वाजता गेले, हे आम्ही लिहीत होतो, पण ते सलग वाचले कधीच नव्हते. नऊ रात्रींत धाकटा २६ वेळा उठला. त्यांपैकी ११ वेळा थोरली उठली. आणि त्या ११ पैकी १० वेळा ती आमच्यापैकी कोणी आत गेल्यानंतर उठली होती. म्हणजे तिला भावाचे रडणे उठवत नव्हते. दाराची करकर, बाहेरचा उजेड आणि आमचे "शूऽऽ, ताई उठेल ना" हे उठवत होते. एवढे दिवस आम्ही तिची झोप राखण्यासाठी पळत होतो आणि तीच झोप मोडत होतो.

या वयाची मुले साधारण तासातासाने झोपेच्या पृष्ठभागावर येतात, हात-पाय हलवतात, रडल्यासारखा आवाज काढतात आणि कित्येकदा डोळे न उघडताच परत खाली जातात. आमच्या घाईमुळे त्याला ती संधीच मिळत नव्हती. आजपासून नियम: घड्याळ लावून तीन मिनिटे थांबायचे. दुखल्याची किंकाळी, उलटी किंवा आजारपण यांना हा नियम लागू नाही. त्या आवाजांतला फरक वर्षभर मूल सांभाळलेल्या माणसाला दाराबाहेरूनही कळतो. तीन मिनिटे किती लांब असतात हे मात्र त्या खुर्चीवर बसल्याखेरीज कळत नाही.

९ फेब्रुवारी

सहा रात्रींत धाकट्याचे जागणे सरासरी तीनवरून दीडवर आले आणि थोरली फक्त दोनदा उठली. दाराच्या बिजागरीत तेल घातले. हे काम पाच मिनिटांचे होते आणि आम्ही ते सोळा रात्री केले नव्हते. बाहेरच्या दिव्याचा उजेड थेट थोरलीच्या उशीवर पडत होता, म्हणून तिच्या पलंगाची दिशा फिरवली.

एक फसलेला उपायही लिहून ठेवते. पावसाचा आवाज काढणारे एक छोटे यंत्र आणले होते. असे यंत्र मुलापासून निदान दोन मीटर दूर आणि हळू आवाजात ठेवायचे असते, म्हणून ते खिडकीच्या कोपऱ्यात ठेवले. ते तासाभराने आपोआप बंद पडे, आणि बंद पडले की त्या अचानक शांततेने धाकटा दचकून उठे. दोन रात्री आम्ही त्याच्या दातांना दोष दिला. यंत्र माळ्यावर गेले आहे.

१७ फेब्रुवारी

धाकटा चालला. आम्ही दोघे स्वयंपाकघरात या वहीवरून वाद घालत होतो, एवढ्यात थोरली धावत आली आणि म्हणाली, "बाळ चाललं आणि तुम्ही नव्हतातच!" त्यामुळे पहिल्या पावलांची नोंद तिच्या साक्षीवरून करत आहे: पलंगापासून खेळण्यांच्या टोपलीपर्यंत, तिच्या मोजणीनुसार "एक, दोन, चार, पाच" पावले. वय १३ महिन्यांना थोडे कमी. थोरली १५ महिन्यांची झाल्यावर चालली होती आणि तेव्हा मी उगाचच घोर लावून घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलांनी स्वतंत्रपणे चालू लागण्याचा काळ साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

२० फेब्रुवारी

चालणे आले आणि झोप गेली. रात्री दोन वाजता तो कॉटमध्ये उठून कठड्याच्या कडेकडेने फेऱ्या मारतो. रडत नाही, त्यामुळे तीन मिनिटांचा नियम येथे कामाचा नाही. तो चाळीस मिनिटे आनंदाने गस्त घालतो आणि दमल्यावर रडतो. पहिल्या रात्री त्याला उचलून घेतले, दुसऱ्या रात्री पुन्हा पुन्हा आडवे केले. आडवे करणे हा त्याला खेळ वाटला. शेवटी काही न करायचे ठरवले आणि उलट दिवसा त्याला मोकळ्या जमिनीवर जितके चालता येईल तितके चालू दिले; उचलून नेणे सोडले, दहा पावलांच्या अंतराला दहा मिनिटे लागली तरी लागू दिली. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून गस्त कमी झाली. त्याचे श्रेय आमच्या उपायाला की त्या नवलाईच्या ओसरण्याला, हे मी सांगू शकत नाही.

२६ फेब्रुवारी ते ७ मार्च

काम बंद. आधी थोरलीला ताप आला, तीन दिवसांनी धाकट्याला. ३८.६ अंश ताप असलेल्या मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवून घड्याळ पाहत बसणे आम्हाला मान्य नव्हते, म्हणून तो आमच्या खोलीत परत आला, आणि कॉट पुन्हा खोलायची नव्हती म्हणून आम्ही जमिनीवर गाद्या घातल्या. आजारपण पाच-सहा दिवसांचे होते; त्यानंतर घडी पूर्ववत बसायला आणखी नऊ रात्री लागल्या. या नऊ रात्री वाया गेल्या असे मी लिहिणार नाही, पण वेळेचा अंदाज बांधणाऱ्याने एक आजारपण हिशेबात धरलेले बरे.

१० मार्च

सर्वांत मोठी चूक आमची होती आणि ती उघडकीला यायला महिना लागला. थोरली दिवसा वर्षभरापासून कोरडी राहते. खोलीचे काम काढले त्याच सुमारास, "आता तू मोठी ताई झालीस" असे म्हणून, आम्ही तिचा रात्रीचा डायपरही बंद केला होता. आधी आठवड्यातून दोनदा अंथरूण ओले होई. गेल्या आठवड्यात पाचदा झाले आणि दोनदा दिवसाही कपडे ओले झाले. रात्री कोरडे राहणे शिकवून येत नाही, ते शरीराच्या वाढीप्रमाणे येते, आणि पाच वर्षांपर्यंत व कित्येकांच्या बाबतीत त्यानंतरही अंथरूण ओले होणे नेहमीचेच असते, हे डॉक्टरांनी पुन्हा समजावून सांगितले. दिवसाचे ओले होणे हे मात्र लघवीच्या जागी काही त्रास नाही ना, एवढे तपासून घेण्यासारखे होते. तसे काही निघाले नाही. एका वेळी दोन मोठे बदल करू नयेत, हे आम्हाला न कळण्यासारखे नव्हते.

डायपर परत आणला तर ती दुखावली: "तो बाळाचा असतो." जबरदस्ती केली नाही. त्याऐवजी अंथरूण दोन थरांत घातले: खाली पाणी न झिरपणारे कापड आणि चादर, त्यांच्यावर पुन्हा तसेच कापड आणि चादर. रात्री ओले झाले की वरची जोडी ओढून काढायची, खालची तयारच असते. दिवा लावावा लागत नाही, धाकटा उठत नाही, आणि पूर्वी चौदा मिनिटे लागत तेथे आता तीन लागतात. या सगळ्या नोंदींतून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी.

१५ मार्च

झोपताना थोरलीने विचारले, "आई, माझी खोली कुठे गेली?" मी म्हटले, "ही काय, हीच तर आहे." ती म्हणाली, "ही त्याची आहे. माझे मणी पण त्याच्यामुळे गेले." दहा जानेवारीचा अबोला तिच्या लेखी संपलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगाच्या डोक्याशी, धाकट्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर एक फळी ठोकली. मण्यांचा डबा तिच्यावर गेला; तो टेबलावर बसून, मोठ्या माणसासमोरच उघडायचा, ही अट तिने मान्य केली. यावेळी प्लग पहिल्यापासून वापरले. शिवाय धाकटा झोपल्यावर दहा मिनिटे आमच्यापैकी एकाने फक्त तिच्याजवळ बसायचे, हातात फोन नाही, वही नाही. गेले महिनाभर ती आठ वाजता आत जाऊन पाणी, शू, पांघरूण, पुन्हा पाणी अशा निमित्तांनी पाऊण तास काढत असे. चार दिवसांत तो पाऊण तास पंधरा मिनिटांवर आला. ओले होणेही उतरणीला लागले आहे.

२२ मार्च

रात्री साडेनऊला थोरलीची किंकाळी. आत गेले तर ती उठून बसली होती, डोळे सताड उघडे, आणि मला ओळखत नव्हती. हात लावला की आणखी ओरडे. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना काही मुलांना असे होते. ते वाईट स्वप्न नसते आणि सकाळी त्यांना त्यातले काही आठवत नाही. तिला न उठवता, पडू नये एवढ्या अंतरावर बसून राहिले. आठ मिनिटांनी ती आपणहून आडवी झाली. धाकटा त्या सगळ्या आरड्याओरड्यात जागचा हललासुद्धा नाही, आणि पाच मिनिटांनी माझ्या गुडघ्याचा सांधा वाजला तेव्हा मात्र उठला.

२६ मार्च ते ३ एप्रिल

धाकटा दुपारची डुलकी नाकारू लागला. दोनवरून एका डुलकीवर येण्याचे वय साधारण १२ ते १८ महिने असते आणि हा १४ महिन्यांचा, म्हणून आम्ही सकाळची डुलकी एका फटक्यात बंद करून दुपारची एकच ठेवली. परिणाम: संध्याकाळी सहालाच किरकिर, रात्री तीनदा उठणे आणि पहाटे पावणेपाचला कायमची जाग. अति दमलेले मूल जास्त झोपते, हा समज चुकीचा असल्याचा अनुभव थोरलीच्या वेळी येऊन गेला होता, पण तो आम्ही विसरलो होतो. चार दिवसांनी माघार घेतली. आता रात्र बरी गेली तर एक डुलकी, वाईट गेली तर दोन. आणि एक असेल त्या दिवशी त्याची रात्र अर्धा तास आधी सुरू होते. वही अस्ताव्यस्त दिसते, पण पहाटेची जाग सहाच्या पुढे सरकली आहे.

११ एप्रिल

अठ्ठ्याहत्तर रात्री. गेल्या आठवड्यात धाकटा सात रात्रींत चारदा उठला आणि त्यातल्या तीन वेळा कोणी आत गेले नाही. थोरली भावामुळे एकदाही उठली नाही. अंथरूण एकदा ओले झाले. दाराबाहेरची खुर्ची परत टेबलाशी गेली आहे. आजपासून आकडे लिहिणे थांबवणार होतो.

सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी आतून कुजबुज ऐकू आली म्हणून दाराच्या फटीतून पाहिले. थोरलीने आपली उशी आणि घडी घातलेले पांघरूण धाकट्याच्या कॉटमध्ये एकावर एक रचले होते, तो त्या ढिगावर उभा होता, त्याचा एक पाय कठड्यावर होता आणि ती खालून दोन्ही हात पसरून त्याला हळू आवाजात सूचना देत होती. त्याला उतरवून घेतले आणि भिंतीशी उभे करून उंची मोजली: ७८ सेंटिमीटर. कॉट सोडण्यासाठी सुमारे ८९ सेंटिमीटर उंची किंवा कठडा मुलाच्या छातीपर्यंतच येणे, यांपैकी जे आधी होईल ते धरतात, आणि गादीवर उभा राहिला तर कठडा अजून त्याच्या हनुवटीला लागतो. म्हणजे कॉट आणखी काही महिने चालेल, उशीचा ढीग नसेल तर. थोरलीची उशी रात्री कोठे ठेवायची, याची बोलणी तिच्याशी आज संध्याकाळी आहेत. वही बंद केलेली नाही.